गोफ उलगडेपर्यंत

आतून

"चालता येतं ना तुला?"

शरयूकाकूंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्या आमच्या दारात उभ्या होत्या, हातात हळदीकुंकवाचा करंडा. मी राखेचे हात पाठीमागे लपवत होते.

"येतं की."

"मग झालं तर. गोफ म्हणजे चालणंच. एकदा समोरचीच्या आतून जायचं, एकदा बाहेरून."

"मला नाही जमायचं, बाई. मी जन्मात कधी नाचले नाही."

"मी तरी कुठं नाचले होते? लग्न होऊन इथं आले तेव्हा हॉलच्या खांबाला टेकून वर्षभर नुसती बघत होते. 'ये' म्हणून कुणी म्हणालं नाही. तेव्हाच ठरवलं, माझ्या हातात आलं की मी बोलवत हिंडेन. नाव काय तुझं?"

 साखर कारखान्याच्या कामगार लायनीत येऊन मला दुसरा हंगाम लागला होता. तिथं मी 'गाडेकरची' होते. नळावर गाडेकरची, रेशनला गाडेकरची. नाव कुणी विचारलंच नव्हतं.

"कौसल्या."

"कौसल्या," त्या म्हणाल्या, चव घेतल्यासारखं. "उद्या दुपारी हॉलवर ये. चुकलं तरी चालतं. हसेल तिला मी चहाची भांडी विसळायला पाठवते."

त्या गेल्यावर नळावरच्या बायका माझ्या दाराशी गोळा झाल्या. चीफ केमिस्ट धोंगडे साहेबांची बायको पाटाचा पूल ओलांडून लायनीत आली, हेच नवल. पुलाच्या पलीकडं बंगले, अलीकडं आम्ही. चिमणीची काजळी तेवढी दोन्हीकडं सारखी पडायची.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे बॉयलिंग हाऊसला फिटर होते. हातपाय धुता धुताच हसायला लागले.

"सायबांच्या बायका तुला नाचायला बोलावत्यात? कपबश्या विसळायला बोलावलं असंल."

"कपबश्या हसणाऱ्या बाईनं विसळायच्यात."

"मग मला ने. मी आधीच हसतोय."

पण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना खुंटीवरचं माझं बरं लुगडं यांनीच काढून खाटेवर ठेवलं होतं.


बाहेरून

हॉलच्या आढ्याला एक लोखंडी कडी. कडीला बांधलेले रंगीत सुती पट्टे. प्रत्येकीनं एकेक टोक धरायचं. निम्म्या बायकांची तोंडं उजवीकडं, निम्म्यांची डावीकडं. गाणं सुरू झालं की चालायचं. येणाऱ्या पहिलीला आतून, दुसरीला बाहेरून, पुन्हा आतून. वर कडीपाशी वेणी पडायला लागते. ती खाली खाली येते, पट्टे आखूड होत जातात, बायका जवळ जवळ येतात. मग गाणं फिरतं आणि सगळ्यांनी उलट चालायचं. जसं विणलं तसं उलगडायचं. शेवटी प्रत्येकीच्या हातात आपापला पट्टा मोकळा.

एखादी आतून जायचं तिथं बाहेरून गेली की गाठ.

पहिल्या दिवशी मीच गाठ घातली. एक नव्हे, बऱ्याच.

"लायनीतल्या बायकांना पावलं मोजायची सवय नसते," घुगेवहिनी म्हणाल्या. शेतकी अधिकारी घुगे साहेबांच्या या मंडळी. वेणी, मोगरा, आणि जीभ.

"आम्हाला मोळ्या मोजायची असते," माझ्या तोंडून निघून गेलं.

 मग काकूच खळखळून हसल्या. हसल्या आणि स्वतःच उठून चहाची भांडी विसळायला गेल्या. नियम तो नियम.

काकूंची नव्या बाईला शिकवायची एक तऱ्हा होती. त्या तिला बरोबर आपल्या समोर उभी करायच्या, म्हणजे दर फेरीत ती त्यांना भेटणार. भेट झाली की पुटपुटायच्या, "आतून." पुढच्या फेरीला, "बाहेरून." बाकी कुणाला ऐकू जायचं नाही. पाय चुकला तर स्वतःच चुकल्यासारखं करून थांबायच्या. "अगं बाई, माझंच चुकलं. मागं चला." बायका कुरकुरत मागं चालायच्या, गाठ सुटायची, आणि कुणाला कळायचंच नाही की चुकली कोण.

मला कळायचं.

थोड्या दिवसांत माझे पाय चुकायचे थांबले. मग मला घुगेवहिनींच्या वेणीचा मोगरा दिसायला लागला, हॉलच्या जाळीतून पडणारं ऊन दिसायला लागलं. त्याआधी फक्त काकूंचे ओठ दिसायचे.


आतून

चहा पिताना घुगेवहिनींनी सांगितलं. मुद्दाम माझ्याकडं बघून.

"एक ध्यानात ठेव हो. एकदा टोक धरलं की उलगडेपर्यंत सोडायचं नाही. विणलेला गोफ तसाच राहिला की घरच्या धन्याला फास बसतो."

"वहिनी!" काकू म्हणाल्या.

"खोटं आहे का? मागं एका साली गोफ चालू असतानाच लाइट गेली. अंधार पडला म्हणून टोकं सोडून निघून आलो. गोफ रात्रभर तसाच लोंबत. चारच दिवसांत वायरमन शिंत्रे खांबावर चिकटला की नाही?"

"लाइट गेली होती म्हणूनच तो खांबावर चढला होता. गोफानं नाही, विजेनं गेला."

"तुम्ही बीए झालेल्या. आम्ही आपलं डोळ्यांनी बघितलं."

"नव्या मुलींना घाबरवू नका. खेळ आहे हा." काकूंनी माझ्या बशीत आणखी एक तिळाची वडी ठेवली. "कौसल्या, काही होत नाही. हात भरून आला, घेरी आली, घरी पोर रडत असलं, तर खुशाल सोडावं. गोफ काय, परत विणता येतो."

मला पोर नव्हतं. तरी ते वाक्य मी घरी घेऊन गेले. रात्री यांना म्हटलं, त्या बाईत काही वेगळंच आहे.

"सायबबी तसलाच हाय," हे म्हणाले. "परवा माझ्या डब्यातली भाकरी मागून घेतली. म्हणाला, आमच्याकडं पोळ्याच असतात रे, कंटाळा आला."


बाहेरून

रथसप्तमी. हॉल बायकांनी भरलेला. पुढं खुर्च्यांवर बंगल्याच्या, मागं सतरंजीवर लायनीतल्या. लायनीतल्या पहिल्यांदाच आल्या होत्या. मी गोफात आहे हे बघायला आल्या होत्या. मी पडते कधी, हेही बघायला.

मला पिवळा पट्टा. काकूंना हिरवा, अंगावरच्या साडीसारखाच. घुगेवहिनींना लाल, तो त्या दर वर्षी आधीच धरून बसायच्या.

गाणं सुरू झालं. आतून, बाहेरून. काकू आता पुटपुटत नव्हत्या. भेट झाली की नुसत्या डोळ्यांनी हसायच्या. वेणी खाली येत होती. पिवळं हिरव्यात, हिरवं लालात. सतरंजीवरून कुणीतरी ओरडलं, "गाडेकरची! लई भारी!" आणि दुसरी म्हणाली, "कौसल्या नाव हाय तिचं."

गोफ डोक्याच्या उंचीला आला. आता गाणं फिरणार, आता उलटं चालायचं, एवढ्यात

भोंगा.


उलट

कारखान्याचा भोंगा आम्हा सगळ्यांच्या रक्तात. पाळी बदलायचा भोंगा एकसलग, लांब. हा तुटक होता. वाजला, तुटला. वाजला, तुटला. तुटक भोंगा म्हणजे आत माणूस सापडलं.

सतरंजीवरच्या बायका चपला न घालता पळाल्या. खुर्च्या पडल्या. गोफातल्या आम्ही जागच्या जागी थिजलो. हातात टोकं, डोक्यावर वेणी.

मी सोडणारच होते.

"कुणी सोडायचं नाही."

आवाज घुगेवहिनींचा नव्हता. काकूंचा होता.

"उलट फिरा. उलगडायचं. चला."

"काकू..."

"चला म्हणते ना!"

आम्ही फिरलो. गाणं नव्हतं. नुसते पाय, आणि बाहेर भोंगा. काकू समोरून यायच्या, एक वाक्य व्हायचं, त्या मागं जायच्या. फेरी पुरी झाली की पुढचं वाक्य.

"काकू, माझे हे पहिल्या पाळीला आहेत."

"बाहेरून."

फेरी.

"काकू, तुम्हीच म्हणाला होता खुशाल सोडावं."

"आतून. पायाकडं बघ."

फेरी. घुगेवहिनी रडत चालत होत्या. "देवा, देवा, नीट चाला गं, कुणी चुकू नका, देवा." त्यांचे साहेब त्या दिवशी तालुक्याला गेले होते, सगळ्यांना माहीत होतं. तरी रडत होत्या.

"काकू, साहेबही आतच असतील."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा मी ओळखत नव्हते. बीए झालेली बाई नव्हती ती. माझी आजी जशी देवीपुढं निखाऱ्यांवर उभी राहायची, तशी.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "बाहेरून."

फेरी.

"मला जाऊ द्या."

"एवढंच राहिलंय. आतून."

एवढंच नव्हतं. वर बघितलं तर निम्मा गोफ तसाच होता. काकूंचा आवाज मऊ, पहिल्या दिवसासारखा. त्याच मऊ आवाजानं मला आत घेतलं होतं. आता त्याच आवाजात त्या मला धरून होत्या, आणि बाहेर भोंगा वाजत होता, तुटत होता.

मी पिवळं टोक सोडलं.

मागून एकच किंचाळी आली. कुणाची ते बघायला मी वळले नाही.


(सुटलेलं)

पूल. पाट. उसाच्या गाड्यांची रांग, जुंपलेले बैल सैरभैर. गोड, जळका वास. मळीचा वास आमच्या अंगवळणी पडलेला, पण हा तसा नव्हता. हा डोळ्यांत जात होता.

गेटच्या आत मळीची टाकी फुटली होती. उकळती मळी अंगणभर पसरली होती, काळी, संथ, वाफाळणारी. तिच्यात चपला होत्या, एक सायकल होती.

हे मला दिसले. पत्र्यावर कुणाला तरी घालून दोघं-तिघं नेत होते, त्यात पुढं हे. गुडघ्यापर्यंत काळे. मी हाक मारली. यांनी बघितलं, नुसती मान हलवली. जिवंत आहे, मधे येऊ नको, अशी ती मान.

मग मी गेटवर थांबले.

गेटवर मी काय पाहिलं ते इथं सांगायला हवं. इथं सांगत नाही. पुढं येतं.

एवढंच सांगते, की बऱ्याच वेळानं पुलावरून बायका पळत आल्या. सगळ्यांत पुढं शरयूकाकू. तोपर्यंत धोंगडे साहेबांच्या तोंडावर रखवालदारानं पोतं ओढलं होतं.


आतून

टाकी आदल्या दिवसापासून तापत होती. साहेब स्वतः बघायला गेले होते. यांना म्हणाले, गाडेकर, स्टोअरमधून सांध्याला लावायचं पॅकिंग घेऊन ये. हे स्टोअरच्या दारात असताना टाकी फुटली.

हे मला यांनी सांगितलं आणि मग बरेच दिवस काहीच बोलले नाहीत. जेवायला वाढलं की ताटातली भाकरी उचलायचे, बघायचे, ठेवून द्यायचे.

बायका मात्र बोलत होत्या. आधी बंगल्यात, मग पूल ओलांडून लायनीत.

"हिनं टोक सोडलं."

"हिचा वाचला, त्यांचा गेला."

"गाठ बसली ना! हिचा पट्टा लोंबकळला आणि सगळ्यात गुंतला. ती गाठ सोडवत बसाव्या लागल्या सगळ्या. धरून राहिली असती तर केव्हाच मोकळ्या झाल्या असत्या. नवऱ्याचं तोंड तरी बघायला मिळालं असतं बाईला."

नळावर माझी घागर आली की बाकीच्या घागरी बाजूला सरकायच्या. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं सरकणं. 'कौसल्या नाव हाय तिचं' म्हणणारी बाईसुद्धा. मी पुन्हा गाडेकरची झाले होते. तेही कुणी तोंडानं म्हणत नव्हतं.

घुगेवहिनी पुलावर भेटल्या. मी म्हटलं, "वहिनी, सगळ्यांनीच सोडलं असतं तर?"

"तर सगळ्यांचेच गेले असते," त्या म्हणाल्या. अगदी मनापासून. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. माझी भीती.


बाहेरून

तेरावा झाल्यावर काकू आल्या. दुपारची वेळ. हातात काही नाही. कपाळ मोकळं. मी पाट मांडला, त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या,

"बंगला सोडायचाय. हंगाम संपेपर्यंत राहा म्हणाले, पण भाऊ न्यायला येतोय."

"पाणी घ्या, काकू."

"घुगेवहिनींनी परवा मोठं मन करून सांगितलं. म्हणाल्या, काकू, चैत्राच्या हळदीकुंकवाला तुम्ही आला नाहीत तर आम्हाला वाईट वाटेल, पण आलात तर तुम्हालाच बरं वाटणार नाही, म्हणून आम्ही बोलावणार नाही." त्या हसल्यासारखं काहीतरी हसल्या. "बघ. किती नीट बोलल्या."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"कौसल्या, मला एक विचारायचंय. रखवालदार म्हणाला, गाडेकरची बायको साहेबांजवळ बसली होती. शेवटपर्यंत."

"हो."

"जिवंत होते?"


गेट

रखवालदाराच्या खोलीशेजारी पोती अंथरली होती. पोत्यांवर एक माणूस. काळा. कपडे कुठले, कातडी कुठली, कळत नव्हतं. माणसं त्याला ठेवून दुसऱ्यांना आणायला गेली होती. एकट्याला कसं सोडायचं म्हणून मी बसले. कोण आहे हेही माहीत नव्हतं.

"कोण?" त्यानंच विचारलं.

"कौसल्या. गाडेकरची."

"गोफातली?" आवाज साहेबांचा. "शरयू सांगते तुझं. चांगली शिकलीस म्हणे."

मी पदर ओला करून ओठांना लावला. दुसरीकडं कुठं हात लावायला जागा नव्हती.

"ती?"

"येतायत. निघाल्यात."

"पळत येऊ नको म्हणावं. गुडघा धरतो तिचा. सावकाश ये म्हणावं." थोडं थांबून म्हणाले, "मी कुठं जातोय?"

मी पुलाकडं बघत होते. पुलावरून माणसं येत होती, हिरवा पदर येत नव्हता.

"आली?"

"पुलावर आल्यात, साहेब."

पुलावर कुणी नव्हतं.

"आली?"

"गेटवर आल्यात. ह्या काय, दिसायला लागल्यात."

मग त्यांनी विचारलं नाही.

मी पंख्यासारखा पदर हलवत बसून राहिले. रखवालदार आला, वाकून बघितलं, पोतं ओढलं आणि म्हणाला, "बाई, आता कशाला वारा घालता?"


बाहेरून

"जिवंत होते?" काकू विचारत होत्या.

"नाही, काकू."

"नव्हते?"

"मी पोचले तेव्हा झालेलं होतं. एकट्याला टाकून कसं जायचं म्हणून बसले होते नुसती."

त्या एक पाऊल पुढं आल्या. मला वाटलं, आता हात धरतील. त्यांच्या मनावरचं ओझं मी उतरवलं असं मला वाटलं होतं. गोफ सोडून धावत आल्या असत्या तरी काही उपयोग नव्हता, तर मग त्यांच्या थांबण्याला काय बोल लावायचा? मी तेवढाच हिशेब केला होता. त्यांनी दुसरा केला.

"म्हणजे तू टोक सोडायच्या आधीच गेले होते."

"हो."

"म्हणजे तुझ्या सोडण्यानं काही झालं नाही."

त्या दाराबाहेर बघायला लागल्या.

"बायका म्हणाल्या होत्या मला. जाऊ नका, ती हेच सांगणार. आधीच गेले होते, असंच सांगणार. स्वतःवरचा बोल घालवायला." त्या अजिबात चिडल्या नव्हत्या. "मी म्हटलं, नाही, कौसल्या तसली नाही. मी तिला समोर उभी करून शिकवलंय."

"काकू, तसं नाही..."

"काही बोलले असतील तर सांग. मी दोष द्यायला आले नाही. मला फक्त त्यांचा शब्द हवाय. एक शब्द. काहीही असू दे."

आमच्या दाराबाहेर नळ होता. नळावर बायका होत्या. पाणी चालू होतं आणि घागर कुणी लावलेली नव्हती. सगळ्या ऐकत होत्या.

सांगितलं असतं तर? ते विचारत होते, आली का, आली का. तुम्ही हॉलमध्ये आतून-बाहेरून म्हणत होता, आणि ते मला विचारत होते. हे कुणाला सांगतात? हे ऐकून बाई उभी राहील का? मी त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं.

"नाही, काकू. काही नाही बोलले."

"बरं."

त्यांनी मान हलवली. पदर घट्ट केला. माझं नाव न घेता, "येते हं, बाई," म्हणाल्या. बाई. मला कुणी 'बाई' म्हटलेलं एवढं लागलं नव्हतं कधी.

उंबरा जरा उंच होता आमचा. त्यांनी एक पाय बाहेर टाकला आणि दुसरा उचलताना अडकल्या. चौकट धरली. चेहरा पांढरा. क्षणभरच. पुन्हा सरळ होऊन घाईनं दुसरा पाय ओढायला लागल्या, कुणी बघायच्या आत.

"सावकाश, काकू," मी म्हणाले. "घाई नका करू. गुडघा धरेल."

त्या तशाच थांबल्या. एक पाय आत, एक बाहेर.

मला अजून कळलं नव्हतं मी काय बोलले ते.

"गुडघ्याचं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं?"

नळाचं पाणी दगडावर पडत होतं.

"कुणालाच माहीत नाही ते. घुगेवहिनींना कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, आता दुसरीला पुढं करा. मी कधी लंगडलेसुद्धा नाही हॉलमध्ये. दार लावून तेल चोळून द्यायचे हे. फक्त ह्यांना माहीत होतं."

मी उंबऱ्याशी आले. 

"किती वेळ होते?"

"काकू, बसा आधी."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. बंगल्यातली बाई लायनीतल्या उंबऱ्यावर. मीही खाली बसले आणि सांगितलं. पदर ओला केला ते. चांगली शिकलीस म्हणाले ते. पळत येऊ नको, सावकाश ये, मी कुठं जातोय. आली का म्हणून विचारलं ते. बारीक आवाजात सांगत होते, तरी नळावरची एकेक घागर रिकामीच उचलली गेली आणि बायका निघून गेल्या.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"आली का म्हणाले, तेव्हा तू काय म्हणालीस?"

"येतायत म्हटलं. मग पुलावर आल्यात म्हटलं. मग गेटवर."

"पटलं त्यांना?"

"पटलं असावं. मग विचारलं नाही."

काकू आपल्या हातांकडं बघत होत्या. उजव्या हाताची दोन नखं मुळापासून तुटलेली होती. काळी पडली होती. मला आत्ता दिसली.

"गाठ फार घट्ट बसली होती," त्या म्हणाल्या. "सगळ्या रडत होत्या, जाऊ द्या म्हणत होत्या. पण गाठ सुटली, कौसल्या. सुटल्याशिवाय मी कुणाला हलू दिलं नाही."